निधी, श्रम आणि सोबत : महाराष्ट्रातील दिव्यांग-क्रीडेचा स्वयंसेवी पाया

प्रस्तावना

दिव्यांगांच्या क्रीडेचा इतिहास सामान्यतः पदकांच्या अंगाने लिहिला जातो. खेळाडूचे नाव, स्पर्धेचे वर्ष आणि पदकाचा प्रकार यांची नोंद झाली की इतिहासकाराचे काम संपले, असे मानण्याची प्रथा आहे. त्या पदकापर्यंत खेळाडू पोहोचला कसा, त्याच्या प्रवासाचा खर्च कोणी उचलला, सरावाच्या वेळी त्याच्या शेजारी कोण उभे होते, या प्रश्नांना अशा लेखनात फारशी जागा मिळत नाही. वस्तुतः विसाव्या शतकाच्या बहुतांश काळात दिव्यांग-क्रीडा ही शासनाच्या क्रीडाधोरणावर उभी नव्हती. ती वर्गणी, देणगी आणि विनामोबदला श्रम यांवर उभी होती. हा पाया कसा घातला गेला, त्याने काय साधले आणि कोठे तो अपुरा पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या आणि विशेषतः अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

या विचाराचा आरंभ मात्र महाराष्ट्राबाहेरील बर्फाळ प्रदेशातून करावा लागतो. पर्जन्यछायेत वसलेल्या जिल्ह्याशी हिमक्रीडेचा संबंध काय, असे कोणासही वाटेल. परंतु खेळासाठी दुसऱ्या माणसाची सोबत किती अपरिहार्य असते, हे जितके स्पष्टपणे बर्फावर दिसते तितके ते अन्य क्रीडाप्रकारांत क्वचितच दिसते. त्यामुळे आपल्याकडील व्यवहार तपासण्यासाठी तो अनुभव एक माप म्हणून उपयोगी पडतो.

शब्दयोजनेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'दिव्यांग' हा शब्द शासकीय व्यवहारात २०१५ नंतर रूढ झाला. त्यापूर्वीच्या संस्थांच्या व कायद्यांच्या संदर्भात 'अपंग' हाच शब्द प्रचलित होता. लेखात काळानुसार दोन्ही शब्द आले आहेत.

बर्फावरील अनुभव

दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या जर्मन व ऑस्ट्रियन सैनिकांनी कुबड्यांच्या टोकाला आखूड स्की बसवून उतारावर पुन्हा घसरण्यास आरंभ केला, आणि तेथून अपंगांच्या हिमक्रीडेची आधुनिक परंपरा सुरू झाली असे मानले जाते. याच सुमारास इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांसाठी खेळाचा उपचार म्हणून वापर चालविला होता. त्यांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनादिवशी, सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पुढे तिचेच रूपांतर पॅरालिंपिकमध्ये झाले. हिवाळी पॅरालिंपिक मात्र तुलनेने उशिरा, १९७६ मध्ये स्वीडनमधील अर्नशॉल्ड्सविक येथे प्रथम भरले. त्यात सोळा देश सहभागी झाले.

या स्पर्धांपेक्षा त्यांच्याआधी उभी राहिलेली स्थानिक कामे येथे अधिक महत्त्वाची आहेत. नॉर्वेतील एर्लिंग स्टूर्डाल हे दृष्टिहीन संगीतकार होते. त्यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये बाइटोस्टोलेन येथे दृष्टिहीनांची स्कीची शर्यत सुरू झाली. शर्यतीचे तंत्र साधे होते. बर्फात दोन समांतर चाकोऱ्या पाडायच्या. एकीत दृष्टिहीन स्पर्धक, तर दुसरीत डोळस वाटाड्या. वळण, चढ, उतार यांची सूचना वाटाड्याने तोंडी द्यायची आणि उरलेले सर्व स्पर्धकाने स्वतः करायचे. ओढणे नाही, धरणे नाही. नॉर्वेच्या सैन्यदलातील जवानही या शर्यतीत मदतनीस म्हणून काम करीत आले आहेत. हाच नमुना पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या नॉर्वेजियनांनी उचलला आणि १९७५ पासून तेथे 'स्की फॉर लाइट' हा वार्षिक उपक्रम चालविला. स्थलांतरित समाजाच्या मंडळांनी त्याला आर्थिक पाठबळ दिले. वाटाडे हे वेतनावर नसत. उलट आपल्या खर्चाचा काही भार तेच उचलीत.

अमेरिकेतीलच कोलोरॅडो राज्यात १९७० मध्ये डेन्व्हरच्या बालरुग्णालयाने हात किंवा पाय गमावलेल्या मुलांना स्की शिकविण्याची विनंती विंटर पार्क येथील केंद्राला केली. हाल ओलिअरी नावाच्या प्रशिक्षकाने ते काम स्वेच्छेने अंगावर घेतले. पहिल्या तुकडीत तेवीस मुले होती. त्या उपक्रमातून पुढे राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली.

या तिन्ही उदाहरणांत पैशाचे स्थान दुय्यम नाही. बसून चालविण्याची स्की, विशेष कुबड्या, डोंगरावरील निवास, विमा या साऱ्याला मोठा खर्च येतो व तो देणग्यांतूनच उभा करावा लागतो. परंतु निधी पुरेसा जमला तरी प्रत्येक स्पर्धकामागे एक प्रशिक्षित माणूस नसेल तर खेळ सुरूच होत नाही. म्हणजे येथे दात्याचे दोन प्रकार पडतात. एक पावती घेऊन निघून जातो आणि दुसरा दिवसभर शेजारी राहतो. भारतीय परंपरेत पहिल्यासाठी 'दान' हा पुण्यदायक शब्द सिद्ध आहे. दुसऱ्यासाठी 'सोबत' या साध्या घरगुती शब्दापलीकडे काही सापडत नाही, आणि त्याला प्रतिष्ठाही नाही.

खडकी : सैनिक, संस्था आणि देणगी

महाराष्ट्रात अपंगांच्या पुनर्वसनाचे संघटित काम पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये जायबंदी भारतीय सैनिकांसाठी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल ही संस्था स्थापन झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकी येथे हलविण्यात आली व आजही तेथे चालू आहे. हात किंवा पाय गमावलेल्या शिपायास एखादे हुन्नर शिकवून गावी परत पाठविणे, हे तिचे उद्दिष्ट होते. साम्राज्याच्या लढाईसाठी खेड्यापाड्यांतून भरती केलेल्या शिपायांचे पुढे काय करावयाचे, याचे उत्तर सरकारने आपल्या तिजोरीतून पूर्णपणे दिले नाही, ते बव्हंशी युद्धनिधीच्या वर्गणीवर सोपविले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. पुनर्वसनाच्या या पहिल्या कल्पनेत खेळाला स्थान नव्हते. अपंग माणसाला रोजगार हवा, हे समाजाला पटले होते. त्याला विरंगुळा, चुरस, विजय हवा, हे पटावयाचे होते.

खडकी येथेच १९७४ मध्ये सशस्त्र दलांच्या पुढाकाराने पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले. मज्जारज्जूच्या इजेमुळे कमरेखालील किंवा मानेखालील शरीर निकामी झालेल्या माजी सैनिकांसाठी हे केंद्र आहे. येथील निवासी सैनिक चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉल, टेबल टेनिस, पोहणे, शर्यती या खेळांत भाग घेत आले असून त्यांच्यापैकी काहींनी स्टोक मँडेव्हिलच्या स्पर्धांपर्यंत मजल मारली. क्वीन मेरीज संस्थेच्या स्थापनेनंतरच्या सुमारे सहा दशकांत पुनर्वसनाच्या कल्पनेत झालेला हा बदल आहे. त्याचा आर्थिक आधार मात्र तसाच राहिला. संस्थांना केंद्रीय सैनिक मंडळाचे अनुदान मिळते; तथापि देणग्यांवाचून त्यांचे भागत नाही.

या दोन घटनांच्या मध्ये मुरलीकांत पेटकर यांची कारकीर्द येते.

पेटकर आणि मर्चंट

पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे झाला. लहानपणी ते कुस्ती खेळत. पश्चिम महाराष्ट्रातील कुस्तीच्या अर्थव्यवहाराकडे येथे लक्ष वेधणे उचित ठरेल. गावच्या जत्रेतील फड हा वर्गणीवरच भरतो. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून अखेरच्या मोठ्या जोडीपर्यंत सर्व इनामे गावाने गोळा केलेल्या पैशांतून दिली जातात. म्हणजे लोकवर्गणीतून खेळ पोसण्याची रीत मराठी मुलखाला नवीन नव्हती. मात्र तेथे वर्गणी देणारा स्वतः फडाभोवती बसलेला असतो. आपल्या रुपयाचे काय झाले, हे तो त्याच संध्याकाळी पाहतो.

पेटकर किशोरवयातच सैन्याच्या बॉइज बटालियनमध्ये दाखल झाले व पुढे विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात (ईएमई) कारागीर म्हणून काम करू लागले. तेथे ते मुष्टियोद्धे म्हणून पुढे आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात कायमची राहिली आणि कमरेखालील शरीर निकामी झाले. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना व्यायाम म्हणून पोहण्याचा सल्ला देण्यात आला. उपचारासाठी आरंभलेले पोहणे स्पर्धेपर्यंत गेले. स्टोक मँडेव्हिलमध्ये गुटमान यांनी घालून दिलेली वाट ती हीच.

१९६८ च्या तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये भारताने प्रथमच भाग घेतला. भारताच्या दहा खेळाडूंत पेटकर होते. ते तेथे टेबल टेनिस खेळले. १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत ५० मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथे पॅरालिंपिक भरले, त्यात ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्ण होय. त्याच स्पर्धेत भालाफेक, अचूक भालाफेक आणि स्लालम या प्रकारांतही ते अंतिम फेरीत पोहोचले होते. स्लालम हा शब्द नॉर्वेजियन असून तो मूळचा स्कीचा आहे. बर्फाच्या उतारावर खुंट्यांमधून वळणे घेत जाण्याची ती कसरत चाकाच्या खुर्चीसाठी सपाट जमिनीवर आणली गेली. सांगली जिल्ह्यातील मल्ल मुलाचा हिमक्रीडेशी आलेला संबंध असा वळणाचा आहे.

हायडलबर्गपर्यंतचा प्रवास शासकीय खर्चाने झाला नव्हता. पेटकर यांना मदत केली ती विजय मर्चंट यांनी. मर्चंट हे कसोटी क्रिकेटमधील अत्यंत नामवंत फलंदाज आणि मुंबईच्या गिरणी-उद्योगातील घराण्याचे प्रतिनिधी. निवड समितीचे अध्यक्ष असताना १९७१ मध्ये निर्णायक मत देऊन त्यांनी कर्णधारपद अजित वाडेकरांकडे सोपविले, हे क्रिकेटप्रेमी जाणतात. मात्र अपंगांना समान संधी मिळावी यासाठी १९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'नॅशनल सोसायटी फॉर इक्वल अपॉर्च्युनिटीज फॉर द हँडिकॅप्ड' या संस्थेचे ते आधारस्तंभ होते, ही गोष्ट त्या मानाने विस्मृतीत गेली आहे. पेटकर यांच्या तिकिटांचा खर्च मर्चंट यांच्या संस्थेने उचलला.

संस्थेच्या नावातील 'समान संधी' हे शब्द त्या काळाच्या मानाने लक्षणीय आहेत. त्यांत दयेचा उच्चार नाही. तरीही कार्यपद्धती देणगीचीच होती, आणि तिची सारी पत एका क्रिकेटपटूच्या नावावर अवलंबून होती. ज्या खेळाला देशाने डोक्यावर घेतले त्या खेळाच्या कीर्तीतून, ज्या खेळाकडे देशाने पाहिलेही नव्हते त्याला तिकीट मिळाले. मर्चंट यांचे औदार्य निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो असा, की मर्चंट यांच्यापर्यंत पोहोचू न शकलेल्या जलतरणपटूंचे काय झाले? अशा व्यक्तींची नोंद कोणत्याच दप्तरात होत नाही.

व्यक्तिगत पुढाकारावर उभ्या असलेल्या या व्यवस्थेची मर्यादा पुढील दशकात दिसते. १९७६ आणि १९८० च्या पॅरालिंपिकमध्ये भारताचा सहभाग नव्हता. त्याचे कारण केवळ पैशाचे होते असे म्हणणे योग्य होणार नाही. १९७६ च्या टोरांटो स्पर्धेवर दक्षिण आफ्रिकेच्या सहभागामुळे अनेक देशांच्या बहिष्काराची छाया होती. परंतु सुवर्णपदक मिळविल्यानंतरही देशात त्या खेळासाठी स्थायी यंत्रणा उभी राहिली नाही, हे खरे आहे. १९८४ मध्ये भारत परतला, तेव्हा जोगिंदरसिंग बेदी यांनी तीन आणि भीमराव केसरकर यांनी भालाफेकीतील रौप्य अशी मिळून चार पदके आली. त्यानंतरही पुन्हा दीर्घ शांतता होती. पेटकर यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, सुवर्णपदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला आणि त्यानंतर जीवनगौरव स्वरूपातील अर्जुन पुरस्कारही घोषित झाला. मराठीतील क्रीडाविषयक लेखनात क्रिकेट, कुस्ती व कबड्डी यांना मिळालेली पाने मोजली तर पेटकर यांच्या वाट्याला किती आली, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

नगर जिल्ह्यातील वर्गणीची परंपरा

अहमदनगर शहर लष्करी परंपरेचे आहे. १९४८ पासून चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला येथे आहे आणि १९७९ मध्ये यांत्रिक पायदळाचे केंद्रही येथे स्थापन झाले. जिल्ह्यातील अनेक कुटुंबांतून पिढ्यानपिढ्या सैन्यात भरती होत आली आहे. १९६५ च्या ज्या युद्धाने पेटकर यांना चाकाच्या खुर्चीवर बसविले, त्याच युद्धात खेमकरण भागात सैन्याच्या वाहनावर चालक असलेले भिंगार येथे जन्मलेले एक जवान हल्ल्यातून बचावले. ते किसन बाबूराव तथा अण्णा हजारे होत. १९७५ मध्ये ते राळेगणसिद्धीस परतले, स्वतःच्या पुंजीतून यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि त्यापाठोपाठ गावाने श्रमदानातून पाणलोटाची कामे उभी केली. पुढे हिवरे बाजारनेही १९९० नंतर श्रमदानाची हीच दिशा पकडली.

जिल्ह्याची वर्गणीची क्षमता केवळ श्रमदानापुरती नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांकडून गावोगाव भागभांडवल गोळा करून. साखरपट्ट्यातील अनेक शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींत उसाच्या बिलातून झालेल्या कपातीचा वाटा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला जिल्ह्यातील गावांनी जागा, धान्य, पैसा दिला. थोडक्यात, मागितले तर हा जिल्हा देतो.

मग या दातृत्वाचा ओघ दिव्यांगांच्या खेळाकडे का वळला नाही? येथे एक उत्तर संभवते. मंदिर, बंधारा, शाळेची खोली या सर्वांच्या मालकीत दात्याचा वाटा असतो. बंधाऱ्यात साठलेले पाणी त्याच्याही विहिरीला लागते. अपंगाला दिलेली वस्तू, मग ती तीनचाकी सायकल असो, जयपूर फूट असो वा शिलाई यंत्र, निदान डोळ्यांना दिसते, तिचे छायाचित्र निघते, वाटपाचा समारंभ होतो. एखाद्या मुलाला वर्षभर तलावावर नेणे-आणणे, यातून समारंभ होत नाही. दात्याच्या मनातील गरजूचे चित्र बसलेले असते. पोहणारे किंवा चढणारे नसते.

या संदर्भात ध्वजदिन निधीचे उदाहरण महाविद्यालयीन वर्गास परिचयाचे आहे. १९४९ पासून ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांच्यामार्फत संकलन होते, जिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिलेले असते आणि त्याचा भाग शाळा-महाविद्यालयांपर्यंत येतो. १९९३ मध्ये निरनिराळे सैनिक-कल्याण निधी एकत्र करून ध्वजदिन निधीची आजची केंद्रीय रचना झाली. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्राला व क्वीन मेरीज संस्थेला मिळणारे अनुदान याच केंद्रीय निधीतून येते. म्हणजे दरवर्षी डिसेंबरात छातीला छोटा कागदी ध्वज लावून घेणारा प्राध्यापक आणि खडकीच्या बास्केटबॉलच्या मैदानावरील खुर्ची यांच्यात प्रत्यक्ष आर्थिक धागा आहे. तो धागा देणाऱ्यास सहसा ठाऊक नसतो. उद्दिष्ट पूर्ण करण्याच्या घाईत ध्वजदिन हा पुष्कळदा एक परिपत्रक होऊन बसतो, आणि पावतीपुस्तक परत गेले की विषय मिटतो.

लेखनिक आणि वाटाड्या

सोबतीचा प्रकार मात्र आपल्या महाविद्यालयांत मुळीच अपरिचित नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या परीक्षेला बसणारा लेखनिक हा त्याचा सर्वांत जुना नमुना होय. अहिल्यानगर शहरात 'अनामप्रेम'सारख्या संस्थांनी दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे काम केले आहे. अशा विद्यार्थ्यांना परीक्षेच्या हंगामात लेखनिक मिळविण्यासाठी किती दारे ठोठवावी लागतात, हे परीक्षा विभागात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. लेखनिक तीन तास बसतो, सांगितलेले लिहितो, स्वतःचे काही घालीत नाही. बाइटोस्टोलेनच्या चाकोरीतील वाटाड्याचे कामही याच जातीचे आहे. एक फरक मात्र मोठा आहे. परीक्षेचा नियम लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा कमी असावे असा आग्रह धरतो. बर्फावर किंवा डोंगरात सोबत्याला वाट अधिक ठाऊक असावी लागते. तेव्हा केवळ सद्भाव पुरत नाही, प्रशिक्षण लागते. राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत झाला. तिच्या शिबिरांनी वृक्षारोपण, रस्ते, स्वच्छता ही कामे उत्तम रीतीने रुजविली. दिव्यांग व्यक्तीबरोबर कसे चालावे, खुर्ची उतारावरून कशी न्यावी, दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरावा की आपला कोपर तिला धरू द्यावा, हे प्रशिक्षण त्या मानाने क्वचितच दिले गेले.

कायद्याने या क्षेत्रात अलीकडे दोन महत्त्वाच्या तरतुदी केल्या. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चासाठी मान्य केलेल्या बाबींत पॅरालिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या तिसाव्या कलमाने क्रीडासुविधांची पुनर्रचना, निधीची तरतूद आणि स्पर्धांचे आयोजन हे शासनाचे कर्तव्य ठरविले. मर्चंट यांच्या काळी जे औदार्य होते ते आता निदान कागदावर कर्तव्य झाले आहे. पॅरिस येथे २०२४ मध्ये भारताने पॅरालिंपिकची २९ पदके मिळविली. त्यांत सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्य होते. हिमक्रीडेत मात्र चित्र वेगळे आहे. २०२२ पर्यंतच्या एकाही हिवाळी पॅरालिंपिकमध्ये भारतीय खेळाडू उतरला नाही. त्याच वेळी बौद्धिक दिव्यांगांच्या स्पेशल ऑलिंपिक्समध्ये, २०२५ च्या तुरिन येथील हिवाळी स्पर्धेत, भारतीय चमूने ३३ पदके मिळविली. या दुसऱ्या चळवळीचा सारा डोलारा पालक, विशेष शिक्षक व स्वयंसेवक यांच्यावर उभा आहे, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

कळसूबाई

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. पायथ्याच्या बारी गावातून शिखरावरील देवीच्या मंदिराकडे जाणारी वाट नवरात्रात भाविकांनी फुललेली असते. अलीकडच्या वर्षांत डिसेंबरअखेरीस राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील दिव्यांग व्यक्ती एकत्र येऊन हे शिखर चढतात व नववर्षाचे स्वागत तेथे करतात. २०२१ मध्ये आठ दिव्यांग व्यक्तींनी सियाचीन हिमनदीवरील कुमार पोस्ट गाठली, तेव्हा त्यामागे माजी सैनिक-प्रशिक्षकांची संघटना आणि सैन्यदल उभे होते. कळसूबाईच्या चढाईमागे एवढे बळ नाही. बर्फाची जागा येथे कातळ व घसारा घेतात, आणि थंडी मात्र खरी असते. जिल्ह्यात दिव्यांगांच्या हिवाळी साहसक्रीडेच्या सर्वांत जवळ जाणारा उपक्रम कोणता असेल तर हाच.

या चढाईचा खर्च स्कीच्या तुलनेत नगण्य आहे. महागडे उपकरण लागत नाही. बस, जेवण, मुक्काम, दोर आणि विजेऱ्या एवढ्यावर भागते. ही रक्कम एखाद्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या खर्चापेक्षाही कमी ठरावी. लागतात ती माणसे. वाटेवर उभ्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत. कुबड्या घेऊन शिडी चढता येत नाही. त्या खालच्याने वर द्याव्या लागतात, वरच्याने धराव्या लागतात आणि त्या दरम्यान चढणारा केवळ हातांच्या बळावर असतो. दृष्टिहीन व्यक्तीला प्रत्येक पायरीची उंची सांगावी लागते आणि ती सांगताना घाई चालत नाही. उतरताना शरीराचा भार पुढे येतो, कुबडी घसरते, म्हणून परतीला वेळ अधिक लागतो व सोबत्याचे लक्षही अधिक लागते. शिखरावरचे छायाचित्र काढून पुढे निघून जाणारा गिर्यारोहक या कामाचा नव्हे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाकडून वर्षाला १२० तासांचे काम अपेक्षित असते. अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर येथील महाविद्यालयांतून कळसूबाईचा पायथा काही तासांच्या अंतरावर आहे. परीक्षेतील लेखनिकाचे तीन तास आणि डिसेंबरअखेरचे डोंगरावरील दोन दिवस त्या १२० तासांच्या नोंदवहीत कोणत्या सदराखाली लिहावयाचे, याचा निर्णय कार्यक्रम अधिकाऱ्यांनी करावयाचा आहे. त्यासाठी वेगळ्या निधीची मागणी करावी लागत नाही.